हर्निया, नवस आणि मुरब्याचा रस्ता

ज्यांना चालण्याचा कंटाळा आहे, पण आपण चालायला गेलो होतो असं सांगायची हौस आहे, त्यांनी पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावी जाऊन राहावं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं, पुढचं गाव बघून घेतं. काही दिवस तिथं काढून मी नुकतीच सांगलीला परत आले आहे. हिमालयात जाऊन आलेले लोक हिमालयानं आपल्याला काय शिकवलं ते सांगतात. मला मुरब्यानं एवढंच शिकवलं, की सपाट रस्त्यावरून स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाऊन येणं ही फार मोठी मोहीम आहे आणि तिला शेर्पा मिळत नाहीत.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. म्हणजे समोरच्याला कंटाळा आला आहे हे दिसत असूनही बोलत राहण्याचा मला सरकारमान्य सराव आहे. माझी मोठी बहीण, ताई, लग्न होऊन मुरब्याला गेली. भावोजी तरुणपणी इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्यासाठी सांगलीला आले होते, ते डिप्लोम्याबरोबर तिलाही घेऊन गेले. मग तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात ते शिफ्ट सुपरवायझर झाले. कारखान्याची बस त्यांना घराजवळून न्यायची आणि घराजवळ आणून सोडायची. उभ्या नोकरीत हा माणूस चालला तो बसच्या पायरीपासून खुर्चीपर्यंत.

मागच्या वर्षी भावोजींच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, पुढची औषधंही झाली. डॉक्टरांनी घरी पाठवताना दोन गोष्टी बजावल्या. रोज चालायचं, आणि वर्ष झालं की आतड्याची दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. वर्ष उलटून गेलं होतं. ताईनं फोन केला. चालणं होत नाही, आणि तपासणीचं नाव काढलं की ते उठून मागच्या चिकूच्या वाडीत निघून जातात, असं म्हणाली. ताई तशी रडणारी नाही. त्या दिवशी रडली. मला तिच्यासाठी आणि त्यांच्यासाठी, दोघांसाठीही भीती वाटली, आणि भीती वाटली की मी खरेदी करते. ओट्सची पाकिटं आणि भावोजींच्या मापाचे स्पोर्ट शूज घेऊन मी निघाले.

बोईसर

बोईसरला उतरल्यावर प्रवासानं आखडलेले पाय मोकळे करावेत म्हणून मी नाक्यापर्यंत चालत जायचं ठरवलं. बाहेर मुरब्याच्या शेअर रिक्षांच्या रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं.

"मुरबे? बैठिए मॅडम."

"आगे नाके पे बैठूंगी. तब तक पैदल."

"पैदल?" त्यानं खरोखर काळजीनं विचारलं. "कोई तकलीफ है क्या?"

त्याला दुसरं काही सुचलं नसावं. बोईसरमध्ये सगळेच घाईत असतात. एक पाळी सुटते, दुसरी भरते, कारखान्यांच्या बसगाड्या भाड्याच्या खोल्यांसमोरून माणसं उचलतात आणि रिक्षा उरलेली वेचतात. त्यात सडाफटिंग चालणारी पन्नाशीपुढची बाई दिसली, तर हिचं काहीतरी बिनसलेलं असणार, हा निष्कर्ष शास्त्रीयच म्हणायला हवा. मी रिक्षात बसले.

वसाहतीच्या कडेनं जाताना हवेत एक वास आला. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर येतो तसा, पण बाटली मैलभर लांबीची. मी रुमाल नाकाला लावला. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मांडीवरची भाजीची पिशवी सावरली आणि माझी समजूत काढली, "आज तर कायच नाय." मग कारखाने संपले आणि एकाएकी केळीच्या बागा सुरू झाल्या. नारळ, चिकू, विहिरीवरचे पंप, आणि पुढे समुद्राचा वारा. सांगलीहून येणाऱ्याला एवढी हिरवळ बघून हेवा वाटतो. आमच्याकडे हिरवं म्हणजे ऊस, आणि उसाकडे बघून कुणाला प्रसन्न वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मुरबे, ओटीवर

भावोजी ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. बारीक झाले होते, पण मिशी तशीच होती. संध्याकाळी चहा झाल्यावर मी माझं पहिलं व्याख्यान सुरू केलं.

"भावोजी, आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. बहुतेक सज्जन. पण काही जाती अशा, की आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत त्या जास्त सापडतात. एक जात तर मुळात तोंडात, हिरड्यांपाशी राहणारी."

"तोंडातली आतड्यात काय करते?"

"तेच शोधताहेत."

"बदली झाली असंल."

"दुसरी एक आहे. साधीच जात, सगळ्यांच्या पोटात असते. पण तिचा एक प्रकार असं विष तयार करतो, की आपल्या पेशींतल्या डीएनएला इजा होते. हे जिवाणू गाठ उभी करतात, की उभ्या गाठीत येऊन बिऱ्हाड थाटतात, ते अजून पूर्ण ठरलेलं नाही."

"म्हणजे चौकशी चालू हाय."

"हो. पण हालचाल करणाऱ्यांना आतड्याचा कॅन्सर कमी होतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. व्यायामानं आतली ही वस्ती बदलते असंही दिसतंय. कुठल्या जाती किती घटतात आणि तुमच्यासारख्याला त्याचा नेमका किती फायदा, ते मात्र कुणी छातीठोक सांगत नाही."

भावोजींनी झोपाळा पायानं थांबवला. "अगदी मॅनेजमेंटसारखं बोलतेस. सगळं सांगायचं आणि कायच कबूल करायचं नाय."

मी एवढ्या वर्षांत इतकी समजून घेणारी प्रतिक्रिया एकाही विद्यार्थ्याकडून मिळवलेली नाही. तेवढ्यात ताई आतून आली, तिनं कुंपणापलीकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "जरा हळू बोल गं. गावात हर्निया आहे."

मग खुलासा झाला. भावोजींना कॅन्सर झाला हे मुरब्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. मुंबईचं ऑपरेशन हर्नियाचं म्हणून जाहीर झालेलं होतं. औषधांनी केस गेले ते हर्नियाच्या गोळ्या गरम पडल्यामुळे, वजन उतरलं ते पथ्यामुळे.

"एकदा का ते नाव कळलं," भावोजी म्हणाले, "की लोक आपल्याशी बोलायचे थांबतात आणि आपल्याबद्दल बोलायला लागतात. मला आदीच गेलेला धरतील. बोईसरच्या दवाखान्यात निम्मं गाव बाकड्यावर बसलेलं असतं. तिथं जाऊन दुर्बिणीची तपासणी पायजे म्हणून सांगू?"

"मग मुंबईला जाऊ."

"मुंबईला कशाला गेलास म्हणून विचारतील."

ताई कप उचलून आत गेली. जेवायला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. ओट्सची पाकिटं मी बॅगेतच ठेवली.

मुरबे, पहिली सकाळ

भावोजींनी नवे बूट घातले. ताईनं दारात उभं राहून, परदेशी निघालेल्या माणसाला द्यावा तसा निरोप दिला. आमच्या वाडीचं कुंपण संपतं तिथे वळण आहे. वळणावर पोचतो न पोचतो तोच मागून स्कूटर आली.

हा हरेश्वर. शेजारच्या वाडीचा मालक, भावोजींपेक्षा थोडा लहान, लहानपणापासूनचा जोडीदार. सकाळी केळ्यांचे घड स्कूटरवर लादून बाजारात टाकतो आणि रिकाम्या स्कूटरवरून परतताना गावातल्या समस्त पादचाऱ्यांचा उद्धार करतो.

"दादा, चालत? अवो हर्नियावाल्यानं चालायचं नसतं. बसा."

"अरे, पाय मोकळे करतोय."

"पाय मोकळे करायला पडवी हाय ना. टाके तुटतील. बसा, मॅडम तुमी पण बसा. मावतो आमी."

नको म्हटलं तर त्यानं स्कूटर आडवी लावली. बसलो. त्यानं आम्हाला समुद्रावर नेऊन चहाच्या टपरीसमोर सोडलं, चहा पाजला आणि तिथून कुणाच्या तरी टेम्पोत बसवून दिलं. टेम्पोवाल्यानं घरापर्यंत आणलं. ताईनं विचारलं, "झालं का चालणं?" भावोजी म्हणाले, "हो." वर्षभर हेच चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या सांगलीत असं नाही. आम्ही कृष्णाकाठी रोज सकाळी चालतो. तिथे एखादा लंगडत गेला तरी कुणी थांबणार नाही. फार तर पुढे जाऊन इतरांना सांगेल, की तो बघा लंगडतोय. चालून झालं की आम्ही सगळे मिळून भडंग खातो, त्यामुळे वजनात फरक पडत नाही, पण चालल्याचं समाधान मात्र आमचं स्वतःचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खंबीर राहायचं ठरवलं. स्कूटर, रिक्षा, मासळीची गाडी, प्रत्येकाला मी हात जोडून नाही म्हटलं. त्याचे परिणाम दुपारपर्यंत दिसले. दादा कुणाच्याच गाडीवर बसेनात, म्हणजे रुसले, असं निम्म्या गावाला वाटलं. उरलेल्या निम्म्याला वाटलं, की हर्निया उलटला आणि डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून आता काही का करेनात. दोन्ही निम्मे संध्याकाळी ओटीवर आले. कुणी केळी आणली, कुणी शहाळी, एका काकूंनी चिंबोऱ्या. एका घरून आख्खी उकडहंडी आली. वाल, रताळी, कोनफळ मडक्यात भरून निखाऱ्यावर शिजवतात, ती. भाज्या आणि तंतू यांच्या दृष्टीनं माझ्या ओट्सना तिच्यापुढे तोंड दाखवायला जागा नव्हती. पण सोबत आलेली माणसं उठेनात, आणि माणसं उठेनात तर भावोजीही उठू शकेनात. चालण्याच्या नादात तो माणूस आठवड्यातला सर्वांत जास्त वेळ बसला.

"उद्या नको जाऊ," ताई मला म्हणाली. "उद्या मी बघते."

नवस

ताईनं काय केलं, तर सकाळी विहिरीवर एका बाईला सांगितलं, की यांनी गावदेवीला नवस बोललाय, रोज अनवाणी चालत जाऊन दर्शन घ्यायचं. गावदेवीचं देऊळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. आणि नवसाला चालणाऱ्या माणसाला तिथे कुणी गाडीवर घेत नाही. घेतलं तर त्याचा नवस मोडतो आणि मोडणाऱ्याच्या गळ्यात पडतो, असं मानतात. वर्षानुवर्षं डॉक्टरांना जमलं नसतं ते काम ताईनं एक बादली भरेपर्यंत उरकलं.

भावोजी भडकले. "मी युनियनमध्ये होतो. मी कदी सत्यनारायण घातला नाय. मी काय सांगू लोकांना?"

"काही सांगू नका," ताई म्हणाली. "नुसते चाला."

"बूट काढून?"

"बूट काढून."

त्यांचे नवे बूट कपाटात गेले. एकट्या त्यांनाच अनवाणी कसं पाठवायचं म्हणून माझ्या चपलाही गेल्या. आणि आम्ही निघालो. वळणावर हरेश्वरची स्कूटर आली, हळू झाली, त्यानं भावोजींच्या पायांकडे बघितलं, एक हात छातीला लावला आणि गुपचूप निघून गेला. माझा विश्वास बसेना. आम्ही चाललो. खरोखर, स्वतःच्या पायांनी, रस्त्याच्या कडेनं. मुरब्यात अशी घटना क्वचितच घडत असावी.

वाट सुंदर आहे, हे चालल्यावरच समजलं. वाड्यांच्या मधून पाटाचं पाणी, पानवेलींचे मांडव, पुढे कोळीवाडा. तिथे वलांड्यांवर, म्हणजे घराएवढ्या उंच बांबूच्या मांडवांवर, बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. खाडीपलीकडे सातपाटीच्या होड्या. मी होड्यांकडे बघत चालल्यामुळे वाळवणाच्या पटांगणात माझ्या टाचेत माशाचा काटा घुसला. मी मटकन बसले. एका कोळिणीनं माझा पाय मांडीवर घेतला, दाताखालची मिश्री थुंकली आणि काटा ओढून काढला.

"तुजा पण नवस हाय?"

"नाही, मी सोबत आले."

"मंग चप्पल घाल की, बाय."

हा सल्ला मी दुसऱ्या दिवसापासून पाळला.

नवसाचा दुसरा एक नियम आम्हाला ठाऊक नव्हता. देवीला जाणाऱ्याच्या हातात ज्याला त्याला आपापला नारळ द्यायचा असतो. एवीतेवी जाताच आहात, तर आमचाही वाहा. पहिल्या दिवशी दोन नारळ आले. मग घरोघरच्या बायका फाटकाशी नारळ घेऊन उभ्या राहू लागल्या. एकीच्या मुलाची परीक्षा, एकीच्या सुनेचं बाळंतपण, एकाची बोट दुरुस्त होत नव्हती. भावोजी दोन्ही हातांत नारळांच्या पिशव्या घेऊन चालायचे. सांगलीत माझ्या भाच्याला असंच वजन हातात घेऊन चालायला शिकवणारा वेगळा ट्रेनर आहे. इथे देवी फुकटात करून घेत होती.

आणि त्यांना ते मानवलं. भूक लागायला लागली. दुपारी झोप लागायला लागली. चेहऱ्यावर ऊन चढलं. तिसऱ्या दिवशी ताईनं गाणं गुणगुणत भाकरी थापली. मला फार बरं वाटलं. आणि तेव्हाच भावोजींनी सुरुंग लावला.

"आता चालतोय मी," ते भाकरी मोडत म्हणाले. "तुजे ते जिवाणू निघून गेले असतील. मंग दुर्बीण कशाला?"

ताईचा हात तव्यावर थांबला.

"भावोजी, आपण चाललो म्हणून जिवाणूंना नोटीस जात नाही," मी म्हटलं. "चालणं चालण्याच्या जागी. आत पुन्हा काही उगवलंय का ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही करायला सांगितलंय."

"बघू."

"कधी बघू?"

ते उठून वाडीत निघून गेले. चिकूच्या झाडांत पाठ दिसेनाशी होईपर्यंत ताई खिडकीतून बघत राहिली. "हा माणूस मला पुन्हा त्या मुंबईच्या व्हरांड्यात नेऊन बसवणार," ती म्हणाली. "आणि तेव्हा कदाचित आत बोलावून सांगतील, की उशीर झाला."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

नारळ

नवस कशासाठी, हा प्रश्न दरम्यान गावभर फिरत होता. भावोजी बोलत नव्हते, त्यामुळे गावानं स्वतःच उत्तरं तयार केली. सासरी असलेल्या लेकीला मूल व्हावं म्हणून. वाडीच्या हद्दीची भानगड मिटावी म्हणून. एका गटाचं ठाम मत होतं, की सांगलीच्या मेहुणीचं लग्न जमावं म्हणून. माझं लग्न झालं आहे, नवरा सांगलीत स्वतःच्या हातानं पोळ्या लाटतो आहे, हे मी दोन ठिकाणी सांगितलं, पण लोकांना ते पटलेलं दिसलं नाही.

नवसाच्या चौथ्या सकाळी वार मंगळवार असल्यामुळे नारळ फार होते. दोन्ही पिशव्या गच्च भरलेल्या. देऊळ दिसायला लागलं तिथे हरेश्वर स्कूटर थांबवून तिच्यावर बसला होता. बसवलं नाही. उतरला, आणि स्कूटर हातानं ढकलत आमच्याबरोबर चालायला लागला.

मग म्हणाला, "दादा, एक विचारू? राग नाय ना येणार?"

"विचार."

"माज्या भावाला हर्निया झालेला. ऑपरेशननंतर कायच उचलू देत नव्हते. तुमी चार दिवस नारळांची पोती उचलताव. तुमाला हर्निया नाय."

भावोजी थांबले. मी थांबले. समोरून एक कुत्रं गेलं, त्याच्याकडे आम्ही तिघांनी गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं.

"नाय," भावोजी म्हणाले.

"मंग?"

"कॅन्सर. आतड्याचा. गाठ काढली."

मला वाटलं, आता हा हाय खाईल, देवाचं नाव घेईल, डोळ्यांतून पाणी काढेल आणि दुपारपर्यंत गावात बातमी पोचेल. हरेश्वरनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं स्कूटर स्टँडवर लावली. हँडलवरून हात काढला आणि पुन्हा हँडलवर ठेवला.

"तुमाला पैलं कसं समजलं?"

"रक्त पडायचं. सकाळी. मूळव्याध समजून मी तसंच काढलं. लय दिवस काढलं."

हरेश्वरनं माझ्याकडे बघितलं. मी जरा पुढे गेल्यासारखं केलं, पण रस्ता सरळ होता आणि वारा माझ्याकडे येत होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"मी गणपतीपासून काढतोय," हरेश्वर म्हणाला.

भावोजींनी पिशव्या खाली ठेवल्या.

"कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाय. मूळव्याधच असंल ना, दादा?"

हा माणूस रोज गावभर हिंडून दुसऱ्याच्या टाक्यांची काळजी वाहत होता. मी आयुष्यभर पोरांना आतड्याची आकृती काढून दाखवली, भाग दाखवा, नावं लिहा, पण उत्तर दिलं ते भावोजींनी.

"असंल. पण माजी पण मूळव्याधच होती. चल."

"कुठं?"

"बोईसरला. आत्ता."

"आवो, नारळ?"

"ही वाहील." त्यांनी दोन्ही पिशव्या माझ्याकडे सरकवल्या. मग हरेश्वरच्या हातातून किल्ली घेतली, स्कूटर सुरू केली आणि त्याला मागे बसवलं. अनवाणीच गेले.

मी देवळात गेले. एकेक नारळ ठेवत मी जमेल तितक्यांची नावं घेतली. परीक्षा, बाळंतपण, बोट. त्यानंतर माझ्याकडून हात जोडले गेले. माझ्या विषयात याला स्थान नाही, पण जोडले गेले.

पुन्हा बोईसर

रिक्षा करून ताईला घेऊन मी दवाखान्यात पोचले तेव्हा भावोजींनी वर्णन केलेलं बाकडं जसंच्या तसं होतं. निम्मं नसलं तरी गावाचा सातवा हिस्सा नक्की तिथे होता. उकडहंडीवाल्या काकू, टेम्पोवाला, कारखान्यातून परस्पर आलेले दोघं. हरेश्वर खिडकीसमोर उभा होता आणि आतली मुलगी तिसऱ्यांदा विचारत होती, "काका, त्रास काय होतोय तुम्हाला?" हरेश्वर काउंटरवरच्या पेनकडे बघत होता. त्याच्या कानामागे घाम आला होता.

भावोजींनी त्याला कोपरानं बाजूला केलं. कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून जो आवाज ते वापरत असतील, तो त्यांनी काढला.

"माजं मागच्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. वर्षाची दुर्बिणीची तपासणी ऱ्हायलीय, ती करायची. आणि हा माजा भाऊ. याला रक्त जातंय. याची पण करायची."

ताईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिच्या बांगडीचा वळ मला सांगलीला येईपर्यंत पुरला. मग काकू उठल्या, भावोजींजवळ गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या यांचं पण विचारायचं होतं." टेम्पोवाला त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं नाही, पण तो रांगेत उभा होता.

तपासणी लगेच होत नाही. आधी पोट रिकामं करायचं औषध घ्यावं लागतं, त्याविषयी मी काही लिहिणार नाही. प्रवासवर्णनात कुठे थांबावं याला मर्यादा असतात. दोघांनी ते एकाच दिवशी घेतलं, दोन शेजारच्या वाड्यांत, आणि दिवसभर कुंपणावरून एकमेकांची खबर घेत राहिले. भावोजींचं आतडं स्वच्छ निघालं. ताई बातमी ऐकून ओटीवर बसली आणि उठलीच नाही, तेव्हा दुपारचा स्वयंपाक मी केला. कुणी तक्रार केली नाही, यावरून घरातल्या आनंदाची कल्पना यावी.

हरेश्वरच्या आतड्यात गाठ होती. लहान आहे, वेळेवर सापडली, काढता येईल, असं डॉक्टर म्हणाले. भावोजीच त्याला मुंबईला घेऊन गेले आणि मी सांगलीची गाडी पकडली.

मी परतल्यावर ताईचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं. हरेश्वर शुद्धीवर आला तेव्हा त्याची बायको उशाशी बसली होती. गावाहून सारखे फोन येत होते, कसलं ऑपरेशन, कसलं ऑपरेशन. तिनं फोनवर हात ठेवून त्याला विचारलं, काय सांगू, हर्निया सांगू का.

हरेश्वर म्हणाला, "कॅन्सर सांग. नायतर मला कोण चालू देणार नाय."